मांडीवरचा नकाशा

सुमेधा आठल्येनं अमेरिकेतली एकतीस राज्यं पाहिली आहेत, असं आमच्या मिशिगनच्या ट्रॉय गावातलं कुणीही मराठी माणूस तुम्हाला सांगेल. विश्वास ठेवू नका. ती एकतीस राज्यांतून गेली, एवढंच खरं. पाहिली ती तिच्या नवऱ्यानं.

व्हायचं असं, की श्रीरंगभावोजी गाडी चालवायचे, मागच्या सीटवर त्यांचा मुलगा विक्रम तोंड उघडं टाकून झोपायचा आणि पुढे सुमेधा मांडीवर नकाशा घेऊन बसायची. ऑटो क्लबचे लोक त्या काळी तुमच्या प्रवासाचा खास नकाशा करून द्यायचे. अरुंद, उभ्या पानांची वहीच असायची ती, आणि ज्या रस्त्यानं जायचं त्यावर नारिंगी शाईची रेघ ओढलेली असायची. एक पान संपलं की उलटायचं, पुढचं सुरू. सुमेधाचं बोट त्या रेघेवरून मैलामैलानं सरकत जाई. "चार मैलांवर एक्झिट आहे. राइट लेन धरा." भावोजी म्हणायचे, "अगं, तो डोंगर बघ!" आणि ती मान वर न करता म्हणायची, "हो हो, सुरेख. एक्झिट चुकवू नका."

एकदा मी तिला विचारलं, "यलोस्टोन कसं आहे गं? आम्ही पुढच्या महिन्यात जातोय." ती म्हणाली, "पूर्वेच्या गेटनं शिरू नका, तिकडे घाट फार आहे. आणि आत गेल्यावर तिठा लागतो, तिथे पाटी लहान आहे, चटकन दिसत नाही." मी हात जोडले.

मी मालिनी. मूळची नागपूरची, सुमेधापासून दोन घरं सोडून राहते, आणि माझी जीभ जरा तिखट आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. सुमेधा वाईची. शिक्षकाची मुलगी, बांधा लहान, पाठ ताठ. तिला गाडी येत नव्हती. "घरात एक ड्रायव्हर आहे ना, पुरे," असं ती म्हणायची. मिशिगनमध्ये गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, तेव्हा दहा वर्षं तिला दुकानात मीच नेत होते. अर्ध्या मैलावरचं दुकान! तरी ती बाजूला बसून सांगायची, "पुढे सिग्नल आहे हं." मी म्हणायची, "बाई, दिसतोय मला सिग्नल. लाल आहे, आणि चांगला मोठा आहे." पण पालथ्या घड्यावर पाणी. परत येताना तोच सिग्नल ती मला पुन्हा दाखवायची.

श्रीरंगभावोजी डेट्रॉइटकडच्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर होते. गाडीच्या दाराची काच वर-खाली करणारी यंत्रणा, हे त्यांचं काम. आठवडाभर ते काच कशी सरकेल ते बघायचे आणि सुट्टीत त्या काचेतून बाहेर बघायचे. मुलखाचे अबोल. मंडळाच्या गणपतीत आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचे. फक्त प्रवासाहून आले की त्यांना कंठ फुटायचा. मग आम्हा सगळ्यांना घरी बोलावून भिंतीवर स्लाइड्स दाखवायचे. प्रोजेक्टरची ती गोल तबकडी खटक् खटक् फिरायची, आणि आमची सुटका दोन तासांनी व्हायची. तेवढा वेळ सुमेधा स्वयंपाकघरात चहा गाळत असे. म्हणजे गेली तेव्हाही पाहिलं नाही, आणि भिंतीवर आलं तेव्हाही धड नाही.

त्यांचा सगळ्यात लाडका रस्ता काही ग्रँड कॅनियनचा नव्हता. आमच्या मिशिगनच्याच उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराच्या कडेनं जाणारा एकशे एकोणीस नंबरचा रस्ता. हार्बर स्प्रिंग्ज ते क्रॉस व्हिलेज, जेमतेम वीस मैल. इतका अरुंद, की मध्ये पट्टासुद्धा मारलेला नाही. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत गुंतलेली, खाली सरोवराचं पाणी, आणि वळणावर वळण. ऑक्टोबरात मेपलची पानं पेटली की भावोजी तिथे जाणार म्हणजे जाणारच. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, १९७५ पासून ८३ पर्यंत, नऊ वर्षांत एकही चुकला नाही. त्या रस्त्यावर उजवीकडे एका मोकळ्या जागेत एक जुना लाल बार्न, म्हणजे शेतावरचं मोठं लाकडी कोठार, होता. भावोजी त्याला 'माझा गोठा' म्हणायचे. दर वर्षी त्याच जागेवरून त्याचा एक फोटो. "हा अठ्ठ्याहत्तरचा गोठा. हा एकोणऐंशीचा. बघा, छप्पर जरा खचलंय." नऊ वर्षांचे नऊ गोठे आम्ही पाहिले. प्रसन्न, म्हणजे माझा नवरा, पाचव्या गोठ्याला घोरायला लागायचा.

आता एक गुपित, जे सुमेधानं फक्त मला सांगितलं होतं. तिला गाडी लागायची. सरळ हायवेवर काही नाही, दिवसभर नकाशा वाचत बसेल. पण वळणं सुरू झाली की तोंडाला पाणी सुटायचं, पोटात ढवळायचं. यावर तिनं स्वतःच उपाय काढला होता. वळणाचा रस्ता यायच्या आधी ती नकाशाचं पान पाठ करायची. मग आवळासुपारी गालात धरून, गॉगल लावून, डोळे गच्च मिटायचे आणि पाठ म्हटल्यासारखं सांगायचं: "आता डावं वळण. मग चर्च. मग उतार." भावोजी फोटोला उतरले तरी हिचे डोळे मिटलेलेच. मध्येच भावोजी म्हणायचे, "अगं, बघ, बघ!" की हिचं आपलं, "हो हो, सुरेख."

"नऊ वर्षं?" मी ओरडलेच. "नऊ वर्षं डोळे मिटून जातेस? अगं, सांग ना त्यांना!"

"सांगितलं तर जायचं बंद करतील गं," ती म्हणाली. "त्यांची तेवढी एकच चैन आहे. माझ्या पोटापायी ती मोडू?"

मी कपाळाला हात लावला. मला सांगा, हा शहाणपणा म्हणायचा की मूर्खपणा? मी तेव्हा मूर्खपणाच म्हटलं होतं.

भावोजींना डायबेटीस जुना होता. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात उजवा डोळा गेला. डावा लेझरनं कसाबसा सावरला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: याचा भरवसा धरू नका, महिने म्हणा, फार तर दीड-दोन वर्षं. आणि गाडी आजपासून बंद. भावोजींनी किल्ली खुंटीला लावली आणि त्या दिवसापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागले. चौऱ्याऐंशीचा ऑक्टोबर आला आणि गेला. दुसऱ्या शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे चहाला गेले. ते इतकंच म्हणाले, "वहिनी, डोळा आहे तोवर एकदा तो रस्ता पाहायला हवा होता."

"अहो, मग मी नेते की! त्यात काय!" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधा माझ्या स्वयंपाकघरात उभी. "मालिनी, मला गाडी शिकव."

"कशाला? मी नेणार आहे म्हटलं ना काल."

"नको. त्यांना मी नेणार." आणि मग, "वीस वर्षं त्यांनी मला नेलं गं. एकदा तरी मी नको न्यायला? डोळा जायच्या आत?"

त्रेचाळीस वर्षांची बाई. मिशिगनचा बर्फ. आणि ज्याच्यासाठी शिकायचं, त्याचा एकच डोळा, तोही उसना. मी हो म्हणाले, आणि तिथून पुढे दर रविवारी सकाळी एका बंद ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये माझ्या नाकी नऊ आले. ती स्टिअरिंग असं धरायची, जणू ते कुणी हिसकावून नेणार आहे. आणि वीस वर्षांची सवय! स्वतःच गाडी चालवायची आणि स्वतःच स्वतःला रस्ता सांगायची. "पुढे डावीकडे वळा. आता ब्रेक."

"ब्रेक म्हणू नकोस, दाब! अगं बाई, दाब!" मी किंचाळायची.

ती दाबायची. माझी पर्स, चष्मा आणि एकदा तर केळी, सगळं समोरच्या काचेवर.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, कारण पंचेचाळीसच्या रस्त्यावर तिनं वीसनं गाडी चालवली. परीक्षक भला म्हातारा होता. उतरताना त्यानं मला हळूच विचारलं, की या बाई सबंध वेळ कुणाशी बोलत होत्या? दुसऱ्या खेपेला पार्किंगनं घात केला. तिचा धीर सुटेल असं मला वाटलं होतं, पण ती घरी येऊन वरणाला फोडणी देताना म्हणाली, "अजून तीन महिने आहेत." तिच्या फ्रिजवर कॅलेंडर होतं. त्यावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी तिनं नारिंगी पेननं एक गोल केला होता. मला तो गोल बघून दर वेळी भीतीच वाटायची. डोळा कॅलेंडर बघून थोडाच थांबणार होता?

त्या उन्हाळ्यात एक चमत्कार झाला. मी तिला शहराबाहेरच्या एका वळणावळणाच्या रस्त्यावर नेलं. पाच-सहा वळणं झाली आणि तिनं गाडी एकदम कडेला घेतली. मला वाटलं, झालं, आता ओकणार.

"मालिनी, मला गाडी लागली नाही!"

"लागणार नाहीच. ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याला लागत नाही. तुला माहीत नव्हतं?"

तिला माहीत नव्हतं. कसं असणार? तिनं समोरचा रस्ता एकदा नीट बघून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे या वेळी मी डोळे उघडे ठेवणार." आणि ही बाई, जी सासू गेली तेव्हाही माझ्यासमोर रडली नव्हती, ती डोळ्यांना पदर लावून रडली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या परीक्षेत ती पास झाली. त्याच संध्याकाळी रिकोटा चीजचे पेढे घेऊन माझ्याकडे आली. "ह्यांना लायसन्स दाखवलं. फोटो चांगला आलाय म्हणाले," ती सांगत होती. इतका आनंद मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. विक्रम तेव्हा अॅन आर्बरला कॉलेजात होता. त्याचा फोन आला, "आई, आर यू शुअर? दॅट रोड हॅज नो शोल्डर! आय'ल कम अँड ड्राइव्ह." रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायला जागाच नाही, ही त्याची धास्ती. सुमेधा म्हणाली, "तू अभ्यास कर." आणि फोन ठेवला.

बारा ऑक्टोबर, १९८५. सकाळी साडेसहाला मी दशम्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात हजर. मागच्या सीटवर बसून तोंड बंद ठेवायचं, या अटीवर मला घेतलं होतं. भावोजी बाहेर आले आणि त्या लांबलचक स्टेशन वॅगनच्या मागच्या दिव्यापासून पुढच्या दारापर्यंत हात फिरवत चालत गेले. मला भरून आलं. म्हटलं, माणूस आपल्या गाडीला कुरवाळतोय. मी म्हणाले, "भावोजी, कॅमेरा?" ते म्हणाले, "या वेळी फोटो नकोत, वहिनी. डोळ्यांनीच बघू." मग ते सुमेधाच्या नेहमीच्या जागेवर बसले आणि तिनं जपून ठेवलेला तो जुना नकाशा मांडीवर घेतला. "आज मी नॅव्हिगेटर," म्हणाले. वर्षभरानं मी त्यांना हसताना बघत होते.

सुमेधानं पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. ट्रकवाले भोंगे वाजवत गेले, एका म्हातारीनं आम्हाला मागे टाकलं, आणि मी अट आठवून ओठ दाताखाली धरले. सॅगिनॉ मागे पडलं, पाइनची झाडं सुरू झाली. नकाशाची तिला गरजच नव्हती, सगळा पाठ. "गेलॉर्डला एक्झिट दोनशे ब्याऐंशी," ती म्हणायची आणि भावोजी "बरोबर" म्हणायचे. माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या मांडीवर अजून पहिलंच पान उघडं आहे. म्हटलं, राहिलं असेल उलटायचं. अकराच्या सुमाराला आम्ही रेस्ट एरियात बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. मी त्यांच्यापुढे दहीभाताचा डबा ठेवला, तर त्यांनी झाकण शोधायला आधी टेबल चाचपलं. गेल्या वर्षभरात अशा बारीकसारीक गोष्टी इतक्या झाल्या होत्या, की मी त्यातून काही काढलं नाही. आज मला माझाच राग येतो. जगाच्या चुका काढणारी मी, मला समोरचं दिसू नये?

हार्बर स्प्रिंग्ज सोडलं आणि तो रस्ता सुरू झाला.

मी नऊ वर्षं स्लाइड्स पाहिल्या होत्या. त्या म्हणजे काहीच नव्हत्या. झाडं नुसती लाल-पिवळी नव्हती, त्यांच्यातून येणारा उजेडसुद्धा पिवळा होता, आमच्या हातांवर, सुमेधाच्या गालावर. वाऱ्यानं पानं सरळ काचेवर येत होती. वळण घेतलं की डावीकडे खाली एकदम पाणी, निळं, पार क्षितिजापर्यंत, आणि पुढच्या वळणाला पुन्हा झाडं. सुमेधा तीसवरून वीसवर आली. "अगंबाई," ती म्हणाली. मग पुन्हा, "अगंबाई!" आणि तिच्या तोंडून निसटलंच, "अहो, हे असं आहे?"

तिचं गुपित फुटेल म्हणून मी मागे बसून डोळे वटारले, पण आरशात तिचं लक्ष नव्हतं.

"असंच. दर वर्षी असंच," भावोजी म्हणाले. आणि मग तो अबोल माणूस बोलू लागला. "आता चढ येईल. डावीकडे झाडं विरळ होतील, पाणी दिसेल बघ." चढ आला, पाणी दिसलं. "आता दगडी चिमणीचं घर." आलं. "इथे तीन बर्च आहेत, एकाच बुंध्यातून निघालेले." होते. मला कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, एका डोळ्यानं माणूस किती टिपतोय.

गुड हार्ट नावाची वस्ती, म्हणजे एक दुकान आणि चार घरं, मागे पडली. भावोजी सीटवर सरसावून बसले आणि उजव्या काचेकडे वळले.

"आता माझा गोठा. हे वळण झालं की... आला! बघ. या वर्षी रंग दिलाय वाटतं. कसा लालभडक दिसतोय!"

मी बघितलं. उजवीकडे मोकळी जागा होती. गुडघाभर गवत. गवतात दगडी जोतं, आणि एका बाजूला काळ्या पडलेल्या फळ्यांचा ढीग. बार्न नव्हता.

माझी जीभ, जी आजवर कुणासाठी थांबली नाही, ती टाळ्याला चिकटली. मी सुमेधाकडे पाहिलं. तिनंही बघितलं होतं. नंतर तिनं मला सांगितलं, "'हो हो, सुरेख' माझ्या तोंडात आलं होतं गं. अगदी ओठांवर." किती सोपं होतं ते. भावोजी खूश होते, रस्ता संपायला थोडेच मैल उरले होते, आणि असं म्हणायची तिला वीस वर्षांची सवय होती.

तिनं गाडी त्या गवतात घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली.

"अहो," ती म्हणाली, "गोठा नाहीये."

भावोजी काचेकडे तोंड करूनच बसले. "नाहीये म्हणजे?"

"पाडलाय. नुसतं जोतं राहिलंय."

गाडीच्या टपावर पानं पडल्याचा आवाज येत होता. मग सुमेधानं विचारलं, "कधीपासून?" ती गोठ्याबद्दल विचारत नव्हती.

"तीन आठवडे होतील," भावोजी म्हणाले. "तू तिसऱ्यांदा टेस्टला गेलीस ना, त्या सकाळी. उठलो तर डोळ्यापुढे नुसतं काळं. आता उजेड कळतो, बाकी काही नाही. तू गेल्यावर डॉक्टरांना फोन केला. तपासायला टॅक्सीनं जाऊनही आलो. आता करण्यासारखं काही नाही म्हणाले."

"आणि मी लायसन्स दाखवलं ते?"

"हातात घेतलं की."

"फोटो चांगला आलाय म्हणालात."

"चांगलाच आला असणार."

सुमेधाचा हुंदका फुटला. मला तर तिथून उतरून चालत ट्रॉयला जावंसं वाटत होतं. तीन आठवडे! ते घर त्यांच्या पायांना पाठ होतं, खुर्ची खिडकीजवळच होती, आणि सुमेधाचं सगळं लक्ष गाडीत. तिला कळणार कसं? ती रडत रडतच ओरडली, "मला सांगायचं नाही? मी दिवस मोजत बसले, आणि तुम्ही..."

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस," भावोजी म्हणाले. "कॅन्सल केलं असतंस. किल्ली पुन्हा खुंटीला. वर्षभर धडपडून शिकलीस ती फुकट. मला वाटलं, निदान तू मला नेलंस हे तरी होऊ दे."

तिनं पदरानं नाक पुसलं. मग सीटवर त्यांच्याकडे पुरती वळली. "मलाही एक सांगायचंय. मी हा रस्ता कधी पाहिलेला नाही. आज पहिल्यांदा बघतेय. तुमचा गोठासुद्धा मी फक्त भिंतीवर पाहिलाय, चहा आणता आणता."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, ड्रायव्हरला उजवीकडचा आरसा बघावा लागतो. मध्ये तू असतेस. गॉगलच्या कडेनं मिटलेले डोळे दिसतात. आणि आवळासुपारीचा वास गाडीभर." भावोजी जरासे हसले. "म्हणून तर वीसनं चालवायचो मी इथे. मागचे लोक भोंगे वाजवायचे."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू आली नसतीस."

आता सांगते, मला त्या दोघांचा भयंकर राग आला. दोन शहाणी, शिकलेली माणसं, नऊ वर्षं दर ऑक्टोबरात एकमेकांना फसवत या रस्त्यावरून गेली. एकानं जरी तोंड उघडलं असतं तर ती केव्हाच गाडी शिकली असती, आणि दोघांनी मिळून हे सगळं पाहिलं असतं, चार डोळ्यांनी. मी हे म्हणणारच होते. पण सुमेधानं भावोजींचा हात धरला होता, आणि माझ्या लक्षात आलं, की मीही रडतेय.

"कसा होता गोठा?" तिनं विचारलं.

भावोजींनी सांगितला. छपराचा मधला भाग खचलेला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखा. डावं दार एकाच बिजागरीवर. उजव्या कोपऱ्यात कुणीतरी पांढऱ्या रंगानं आकडा लिहिला होता, अर्धा पुसलेला. लाल रंग म्हणजे शेंदरासारखा नाही, जुन्या विटेसारखा. ती जोत्याकडे बघत ऐकत होती, मध्ये मध्ये विचारत होती, "दार कुठल्या बाजूला? रस्त्याच्या की मागच्या झाडांच्या?" त्यांनी हातानं दाखवलं. हात अगदी बरोबर जागी गेला.

"आता तू सांग," ते म्हणाले. "काय दिसतंय?"

सुमेधा गोंधळली. आयुष्यभर ज्या बाईनं एक्झिटचे नंबर सांगितले, तिला झाड कसं सांगायचं ते माहीत नव्हतं. तिनं घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि तिला येत होतं तसंच सुरू केलं.

"उजवीकडे, तीस-चाळीस फुटांवर, एक मेपल आहे. शेंडा लाल. खाली अजून हिरवा. मध्ये कुठे लाल सुरू होतो ते नीट कळत नाही. जोत्याच्या पलीकडे बारकी पिवळी झाडं, सात... नाही, आठ. त्यांची पानं एकसारखी हलतात, वारा नसला तरी."

"अॅस्पेन," भावोजी म्हणाले. "मग?"

तिनं किल्ली फिरवली, मागेपुढे नीट बघितलं आणि गाडी रस्त्यावर आणली. "आता डावं वळण आहे," ती म्हणाली, "आणि वळणावर, थांबा हं, सांगते. वळणावर सगळी पानं रस्त्यावर पडली आहेत, एकही गाडी त्यांच्यावरून गेलेली नाही. आपलीच पहिली."

भावोजींनी डोकं मागे टेकलं. त्यांचा हात मांडीवर गेला, कडा चाचपली, आणि सकाळपासून उघडं असलेलं पहिलं पान त्यांनी उलटलं.